इंजिनाची रबरी धाव : साह्य की भुलावण?

मुदखेडहून भोकर, किनवट करीत आदिलाबादेस येणारा लोहमार्ग हा आमच्या भागातील मुलांचा जुना सोबती आहे. आमच्या वडीलधाऱ्यांनी तो मीटर गेजचा असताना पाहिला. आम्ही पाहतो तो रुंद रुळांचा. पण इंजिन दिसताच हातातले काम टाकून उभे राहण्याची सवय दोन्ही पिढ्यांची सारखीच आहे. या वेडापायीच आमच्या विज्ञान मंडळात यंदा एक वाद उत्पन्न झाला. वाद छोट्या आगगाडीच्या चाकाचा असला, तरी त्याचे मूळ कोणत्याही कामात मदत कशी घ्यावी या प्रश्नापर्यंत जाते, असे आम्हांस वाटते. म्हणून तो वाचकांपुढे मांडीत आहोत.

प्रथम हकीकत सांगतो. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने मंडळास विजेवर चालणारी छोटी आगगाडी भेट दिली. तिच्या दोन रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर; म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्याऐंशीव्या हिश्शाची ही प्रतिकृती. आम्ही आठ फूट लांबीच्या टेबलावर रूळ मांडले, पुठ्ठ्याचा डोंगर केला, आणि एक रूळ दुसऱ्यावरून जावा म्हणून पूल उभारला. पुलाची उंची सात सेंटिमीटर. जागा थोडी, म्हणून तेवढी उंची आम्ही १४० सेंटिमीटरांत गाठली. म्हणजे दर वीस सेंटिमीटरांमागे एक सेंटिमीटर चढ झाला.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी पालक मंडळी जमली आणि आमचे इंजिन सहा डबे घेऊन पुलाकडे निघाले. अर्ध्या चढावर ते थबकले. चाके गरगर फिरत होती, पण गाडी तसूभर पुढे सरकेना. लहान मुले हसू लागली आणि आमच्या माना खाली गेल्या. त्याच रात्री आमच्यापैकी एकाच्या मामांनी हैदराबादहून आणलेले दुसरे इंजिन कामी आले. त्याच्या मागच्या दोन चाकांना बारीक रबरी कडी बसविलेली होती. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवितात, तशीच ही रबराची धाव. दुसऱ्या दिवशी त्या इंजिनाने सहाही डबे पुलावर सहज चढविले. टाळ्या पडल्या.

तिसऱ्या दिवशी मात्र शेवटच्या डब्याचे एक चाक रुळावरून उतरून पुलाच्या कठड्यात अडकले. गर्दीत ते कोणाच्या ध्यानी आले नाही. रबर रुळाला घट्ट धरून होते. त्यामुळे चाके घसरली नाहीत आणि वळलीही नाहीत. वीज वाहतच राहिली. थोड्या वेळाने जळका वास आला, इंजिनातून धुराची रेघ निघाली आणि आतील मोटर कायमची गेली. मामांचे इंजिन आमच्या हातून जळाले, याची लाज आम्हांस अजून वाटते.

आता मंडळाने वर्गणी जमविली आहे. तिच्यात एकच इंजिन येईल. ते रबरी धावेचे घ्यावे की साध्या चाकांचे? हा लेख लिहिणारे आम्ही सहा जण. आरंभी तीन एका बाजूस होतो आणि तीन दुसऱ्या. दोन्ही बाजू कागदावर मांडून पाहिल्यावर आमचे एकमत झाले, ते कसे ते पुढे पाहावे.

इंजिन गाडी ओढते ते मोटरच्या बळावर, असे सामान्यतः समजले जाते. ते अर्धेच खरे आहे. मोटर चाक फिरविते. पण चाकाने रुळाला धरले नाही, तर ते फिरणे व्यर्थ. ही पकड दोन गोष्टींवर अवलंबून असते : फिरत्या चाकांवर किती वजन पडते, आणि चाक व रूळ यांचे पृष्ठभाग एकमेकांस किती धरतात. लोखंडावर लोखंड थोडे धरते, रबर पुष्कळ धरते. म्हणून इंजिनाचे वजन न वाढविताही रबरी धाव त्याची ओढ वाढविते. हा तिचा पहिला व मोठा गुण.

दुसरा गुण जागेचा. ज्यांच्या घरी वा शाळेत टेबल लहान आहे, त्यांना चढ तीव्र करावाच लागतो. रुळांसाठी मोठी खोली देणे किती घरांना परवडेल? तिसरा गुण असा की स्वस्त इंजिने हलक्या प्लास्टिकची असतात आणि काहींत भार घालण्यास जागाच नसते. अशा इंजिनाला रबराशिवाय दुसरा आधार नाही. आणि चौथा, जो रबराच्या पक्षाने फार कळकळीने मांडला : लांब गाडी पाहण्यात जो आनंद आहे, तो तीन डब्यांत नाही. प्रदर्शनास आलेल्या लहानग्यास घर्षणाचे गणित नको असते. त्याला डोंगर चढणारी आगगाडी हवी असते. हे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही.

आता दोष पाहू. या छोट्या गाड्यांत वीज तारेने येत नाही. ती रुळांतून चाकांत आणि चाकांतून मोटरीत जाते. रबर विजेला वाट देत नाही. म्हणजे ज्या चाकाला धाव बसविली, ते वीज घेण्याच्या कामातून बाद झाले. चार चाकांच्या इंजिनात दोन चाकांना रबर असेल, तर वीज घेण्यास उरली दोनच चाके. मग सांध्यावर, जेथे रुळाचा थोडा भाग विजेवाचून असतो, तेथे इंजिन अडखळते, दिवा लुकलुकतो, आणि बोटाने ढकलावे लागते. जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीच्या गाड्यांत इंजिनाखालील पट्टी रुळांच्या मधोमध असलेल्या खुंट्यांवरून घासत वीज घेते. तेथे हा दोष पुष्कळ कमी होतो. पण आमची गाडी दोन रुळांची आहे.

दुसरा दोष झिजण्याचा. रबर तेलाने फुगते, सैल होते आणि खोबणीतून निसटते. काळाने कडक होऊन तडकते. ते नीट बसले नाही तर चाक किंचित उंच होते आणि इंजिन डुलत चालते. नवी कडी नेमक्या मापाची लागते. वह्यांच्या गठ्ठ्याला लावतात तो रबरबँड तेथे चालत नाही, हे आम्ही करून पाहिले आहे. पुण्यामुंबईच्या मुलास ती दुकानात मिळेल. तलमडुगूच्या मुलास टपालाची वाट पाहावी लागते. शिवाय रबर धूळ उचलते, आणि आमच्या गावी कापसाच्या दिवसांत तंतू व धूळ यांचा तोटा नसतो.

तिसरा दोष सर्वांत मोठा, आणि तो आम्ही नुकसान सोसून शिकलो. साधे चाक घसरते, तेव्हा ते मोटरीचे रक्षण करीत असते. ओझे झेपेनासे झाले की चाक जागीच फिरते. मोटर फिरती राहते, म्हणून तापत नाही. फिरू पाहणारी मोटर अडवून धरली, तर तिच्यातून सर्वाधिक वीज वाहते आणि तारांचे वेटोळे जळते. रबराने घसरणे बंद केले, म्हणजे ही संरक्षणाची वाटही बंद केली. ज्या घट्ट पकडीने दुसऱ्या दिवशी टाळ्या मिळवून दिल्या, तिनेच तिसऱ्या दिवशी इंजिन जाळले.

प्रदर्शनास आलेले एका विद्यार्थ्याचे आजोबा हे सर्व शांतपणे पाहत होते. ते म्हणाले, "पोरांनो, चढावर बैलाचा पाय घसरू लागला की आम्ही आधी गाडी पाहतो, मग बैल. माल मागे जास्त झाला असेल, गाडी उलाळ झाली असेल, तर बैलाने काय करावे? नाल ठोकून घ्यावी, ते खरे. पण नाल ठोकली म्हणून दोन गाड्यांचा कापूस एका गाडीत भरू नये." आमच्या वादाचा निकाल येथेच लागावयास हवा होता, पण तरुणांना ऐकण्यापेक्षा मोजण्याची हौस अधिक असते.

आमच्यातील एकाने यावर शंका काढली की, बैलगाड्यांची लोखंडी धाव जाऊन रबरी टायर आले आणि बैलांचे कष्ट कमी झाले. मग आगगाडीलाच रबर का नको? शंका चांगली आहे. खाचखळग्यांच्या वाटेवर रबर दबून धक्का गिळते, म्हणून गाडी हलकी जाते. रुळावर खळगेच नाहीत. तेथे कठीण लोखंडी चाक कठीण लोखंडावरून जवळजवळ न दबता गडगडते, आणि त्यामुळेच एक इंजिन हजारो टन ओढू शकते. रबर तेथे उलट दर फेऱ्याला दबते, फुलते आणि त्यात शक्ती खर्ची पडते. पॅरिसच्या भुयारी रेल्वेने १९५६ साली आपल्या ११ क्रमांकाच्या मार्गावर रबरी टायरच्या गाड्या सुरू केल्या. त्या झटकन वेग घेतात, चढ चांगला चढतात. पण वीज अधिक खातात आणि उष्णताही अधिक सोडतात. म्हणजे मोठ्या जगातही रबराचे हेच गुण आणि हेच मोल आहे.

मग खरी इंजिने पकड कशी मिळवितात? प्रथम वजनाने. भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूएजी-९ या मालगाडीच्या इंजिनाचे वजन १२३ टन आहे. त्याच जातीत मुद्दाम भार घालून १३२ टनांचे इंजिन केले, ते केवळ रुळावरची पकड वाढावी म्हणून. दुसरा उपाय वाळूचा : ओल्या वा तेलकट रुळावर चाकासमोर नळीतून कोरडी वाळू सोडतात. तिसरा उपाय साह्यकारी इंजिनांचा. १८६३ साली वाहतुकीस खुल्या झालेल्या बोरघाटात चढ ३७ फुटांस १ फूट आहे. तेथे कर्जतला गाडीच्या मागे आणखी इंजिने जोडून तिला लोणावळ्यापर्यंत रेटतात. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ–माथेरान मार्गावर चढ २० ला १ आहे, पण तेथील गाडी मोजक्या लहान डब्यांची आणि चाल मंद. आणि निलगिरीच्या डोंगरात, जेथे चढ १२ ला १ च्या आसपास जातो, तेथे रुळांमध्ये दातेरी पट्टी घालून इंजिनाचे दातेरी चाक तिच्यात अडकविले आहे.

हे वाचल्यावर आम्हांस आमचीच चूक दिसली. बोरघाटात मोठ्या गाडीला जेथे मागून रेटा द्यावा लागतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट तीव्र चढावर आम्ही एकट्या इंजिनास सहा डबे ओढावयास लावले होते. आणि ते थांबले तेव्हा दोष इंजिनास दिला होता!

आता थोडे गणित. आमच्या पहिल्या इंजिनाचे वजन सुमारे ३०० ग्रॅम, प्रत्येक डब्याचे सुमारे १२०; सहा डब्यांचे ७२०. सगळ्या गाडीचे १,०२० ग्रॅम. स्वच्छ लोखंडी चाकाची पकड वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकी धरली, तर इंजिन ६० ग्रॅमपर्यंत ओढ लावू शकते. २० ला १ चढावर गाडीच्या वजनाचा विसावा हिस्सा, म्हणजे ५१ ग्रॅम, केवळ चढासाठी लागतो. डब्यांच्या आसांचे घर्षण म्हणून २० ग्रॅम धरा. एकूण झाले ७१. साठाने एकाहत्तर कसे ओढावेत? चाक घसरणारच.

चढ ३० ला १ केला, तर ५१ च्या जागी ३४ ग्रॅम लागतात आणि एकूण ५४ होतात. तेच इंजिन तेच सहा डबे रबराशिवाय चढविते. सात सेंटिमीटर उंचीसाठी त्याला २१० सेंटिमीटर लांबी हवी. आठ फूट म्हणजे सुमारे २४४ सेंटिमीटर. चढ वळणापासूनच सुरू केला, तर तो आमच्याच टेबलावर मावतो. किंवा चढ होता तसाच ठेवून डबे चारच लावले, तर लागणारी ओढ सुमारे ५२ ग्रॅमांवर येते. किंवा इंजिनाच्या पोटात सुमारे ७५ ग्रॅम शिसे भरले, तर जुन्या चढावरही सहा डबे जातील. शिसे विषारी असते. ते मोठ्यांच्या देखरेखीने हाताळावे आणि नंतर हात स्वच्छ धुवावेत. आणि हे सर्व करण्यापूर्वी रूळ व चाके पुसावीत, आसांत तेलाचा एकच थेंब घालावा. कारण जास्तीचे तेल रुळावर आले, की पकड जाते.

यावरून आमचे मत असे झाले आहे. रबरी धाव वाईट नाही. ती आधी येणे वाईट. चाक घसरले म्हणजे इंजिन आपणांस सांगत असते की चढ फार आहे, ओझे फार आहे, रूळ मळला आहे किंवा कोठे काही अडकले आहे. यांपैकी कोणते कारण आहे हे शोधण्यापूर्वीच रबर बसविले, तर कारण तसेच राहते आणि केवळ त्याची तक्रार ऐकू येईनाशी होते. आम्ही पहिल्या रात्री नेमके हेच केले. चढ मोजला नाही, डबे तोलले नाहीत, रूळ पुसले नाहीत; दुसऱ्याचे इंजिन आणून लावले आणि टाळ्या घेतल्या.

पण सर्व उपाय करूनही ज्याचे टेबल फारच लहान आहे, किंवा इंजिन फारच हलके आहे, त्याने रबर अवश्य वापरावे. मात्र चार अटी पाळाव्यात. धाव एकाच आसावर असावी. वीज घेणारी चाके पुरेशी उरावीत, शक्य तर इंजिनामागील कोळशाच्या डब्याची चाकेही वीज घेणारी असावीत. जादा कड्यांची जोडी संग्रही असावी. आणि गाडी चालू असताना एकाचा हात सतत विजेच्या बटणापाशी व डोळा गाडीवर असावा. ही चौथी अट आम्ही पाळली असती, तर मामांचे इंजिन आज चालत असते.

रबराच्या पक्षाची लहानग्यांच्या आनंदाविषयीची कळकळ आम्ही विसरलेलो नाही. पुण्यास श्री. भाऊ जोशी यांच्या आयुष्यभराच्या छंदातून उभे राहिलेले आणि १९९८ साली खुले झालेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आमच्यापैकी दोघांनी पाहिले आहे. तेथील गाड्या, सिग्नल आणि दिव्यांनी उजळणारे छोटे शहर पाहून ते दोघे तासभर जागचे हलले नाहीत. पण त्यांनी परत येऊन सांगितले ते असे की, गाडी किती लांब होती हे आता आठवत नाही. ती न अडखळता चालली, हेच आठवते. लहानग्यांना आनंद हवा, हे खरे. तो सहा डब्यांच्या अडलेल्या गाडीपेक्षा चार डब्यांच्या चालत्या गाडीत अधिक आहे.

म्हणून मंडळास आमची शिफारस अशी : नवे इंजिन साध्या चाकांचे, सर्व चाके फिरणारे आणि वजनदार घ्यावे. त्याच्या खरेदीपूर्वी पुलाचा चढ ३० ला १ करावा. रबरी धावांची जोडी कपाटात ठेवावी. ती बसविण्यापूर्वी काय काय करून पाहिले, हे मंडळाच्या वहीत लिहावे. आणि वर्गणीतून जे काही उरेल, ते पुढील वर्षांच्या बचतीसह मामांचे इंजिन दुरुस्त करून देण्यास राखून ठेवावे. ती आमची पहिली देणेदारी आहे.

शाळेतही आमचे असेच होत नाही काय? एखादे गणित अडते, आणि आम्ही ते का अडले हे न पाहता शेजाऱ्याच्या वहीतील उत्तर उतरवितो. त्या दिवसापुरते पान भरते. मदत घेण्यात कमीपणा नाही. बोरघाटातली मोठी गाडीसुद्धा मागून रेटा घेते. पण ती कर्जतला, चढ ओळखून, आधी ठरवून घेते. आम्हीही आपला चढ आधी मोजावा, आणि मग लागेल तेवढी मदत उघडपणे मागावी, एवढेच या लहानशा चाकाने आम्हांस शिकविले.